"नुसतं बसवून ठेवलंय" : देशातले मानवी हक्क नेमके कुठून मोजायचे?

वाळव्याचा आप्पा (धागाकर्ता)

दरवर्षी कुठल्यातरी परदेशी संस्थेची यादी येते आणि आपल्याकडं दोन दिवस जुंपते. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या यादीत १८० देशांत आपण २०२४ ला १५९ वे, २०२५ ला १५१ वे. एकजण म्हणतो लाज वाटली पाहिजे, दुसरा म्हणतो गोऱ्यांना आपलं बरं बघवत नाही. तिसऱ्या दिवशी क्रिकेट.

यादी चूक का बरोबर, या वादात मला पडायचं नाही. देश आपल्या माणसांचे हक्क पाळतो की नाही हे बघायचं असेल, तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या बाकड्यावर एक रात्र काढावी असं मला वाटायला लागलंय. का ते सांगतो.

यंदा आमच्या फडावर बीडकडची ऊसतोडीची टोळी होती. शिवाराच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. एका रात्री शेजारच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरमधलं डिझेल चोरीला गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोळीतला एक विशीतला पोरगा गाडीत घालून नेला. त्याचा बाप रात्री माझ्या दारात. त्याला घेऊन ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार बोलायला गोड. "आप्पा, अटक कुठं केलीय? चौकशीला नुसतं बसवून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तरी बसवूनच ठेवलेलं. पोरगं भिंतीला टेकून उकिडवं, पायात काही नाही. डोक्यावरच अटकेच्या वेळी पोलिसांनी काय काय पाळायचं त्याचा फलक, सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना म्हणून. फलकापुढं लोखंडी कपाट सरकवलेलं, त्यामुळं सहाव्या सूचनेच्या पुढचं काही वाचता येत नव्हतं.

मग मी सगळे करतात तेच केलं. एक फोन लावला. कुणाला ते सोडा. थोड्या वेळात पोरगं बाहेर. कागद नाही, सही नाही, आत आल्याची नोंद नाही की गेल्याची नाही. बाप माझ्या पाया पडला, ते मला अजून पचलेलं नाही. माझ्या फोनवर सुटला, म्हणजे त्याचा हक्क पाळला गेला का? आणि मी गावाला गेलेलो असतो तर?

जाणकारांनी लिहावं. राजकीय पक्षांची नावं घेऊन धागा घाण करू नये ही विनंती.

कंदी पेढा

साताऱ्यातून हजेरी. शेवटच्या ओळीतली विनंती पाचव्या प्रतिसादापर्यंत टिकली तर पेढे माझ्याकडून.

राष्ट्र प्रथम ७७

एका पोराला दोन दिवस बसवलं म्हणून थेट देशाच्या नावानं धागा? शेजारच्या देशांत काय चाललंय ते बघा जरा. आपल्याकडं निदान न्यायालयं आहेत, निवडणुका होतात, तुम्ही हे इथं उघड लिहू शकताय. चोराला काय आता हार घालायचे?

वाळव्याचा आप्पा

तो चोर आहे हे ठरवलं कुणी, साहेब? न्यायालयं आहेत म्हणताय ना, तिथंच त्याला नेलं नाही.

काळा कोट कऱ्हाड

आप्पा, "बसवून ठेवणे" हा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही. माणूस एकतर मोकळा असतो, नाहीतर अटकेत. उठून घरी जायची मुभा नसेल तर ती अटकच, डायरीत लिहा वा लिहू नका. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. त्या २४ तासांतून निसटायची वाट म्हणजे हे बसवून ठेवणं. सोमवारी उचलायचा, बुधवारी सकाळी अटक दाखवायची. घड्याळ बुधवारपासून चालू, कागद एकदम नियमात. रिमांडला आणलेल्या आरोपीला न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तो शेजारच्या पोलिसाच्या तोंडाकडं बघतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यातच उत्तर वाचतो.

कपाटामागचा फलक डी. के. बसू खटल्याचा. बंगालमधले बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ च्या निकालात अकरा सूचना आल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं. मूळ क्रमानं लिहिलेल्या असतील तर सहाच्या पुढच्यांत दर ४८ तासांची वैद्यकीय तपासणी आणि वकिलाची भेट येते. कपाटानं बरोबर जागा धरलीय.

त्यानंतरही भर पडत गेली. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात दारापासून कोठडीपर्यंत सीसीटीव्ही बसवायचा आणि फुटेज १८ महिने जपायचं असा आदेश झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत, मग गुन्हा कुठलाही असो. त्यामुळं राष्ट्र प्रथम म्हणतात ते एका मर्यादेपर्यंत मला मान्य आहे. कागदावर आपण बऱ्याच देशांच्या पुढं आहोत.

फौजदाराचा पोरगा

एकच बाजू नको. वडील सातारा जिल्ह्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. गणपती, यात्रा, मंत्र्यांचा दौरा असा सलग बंदोबस्त करून घरी आले की एक बूट पायात असतानाच डोळा लागायचा. तपासाला माणूस नाही आणि वरून रोज एकच विचारणा: माल हस्तगत झाला का?

मारहाण या प्रश्नातून सुरू होते. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. लोकांना वाटतं, मग मारून उपयोग काय? उपयोग आहे. आरोपीनं सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढं निवेदन पुराव्यात येतं. जुनं कलम २७. जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, त्यातही हे तसंच्या तसं उचललंय. कबुली गेली खड्ड्यात, मंगळसूत्र कुठल्या सराफाला घातलं ते सांग. आणि ते लवकर सांगायला हवं असतं, कारण संध्याकाळी साहेबांचा फोन येणार असतो.

वडील म्हणायचे, ज्याला तपास येत नाही त्याचा हात चालतो. त्यांचा कधीच चालला नाही असं मी म्हणणार नाही.

गावभाग सांगली

आम्हा सांगलीकरांना यातलं काही ऐकीव नाही. नोव्हेंबर २०१७. लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण कोठडीत मारहाणीत मेला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि इकडं सांगितलं काय, तर आरोपी पळून गेला. पुढं पोलीसच आरोपी झाले, ते घरच्यांनी आणि लोकांनी विषय लावून धरला म्हणून.

कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं, हा दंडक १९९३ पासून आहे. "पळून गेलेल्या" माणसाला तो लागू होत नाही. आप्पा, तुमच्या पोराची ठाण्यात नोंद नव्हती म्हणताय ना, माझ्या अंगावर काटा आला तो तिथं. ज्याची आत आल्याची नोंद नाही त्याचं पुढं काय झालं, याचा जाब कुणाला विचारणार?

कुंडलचे मास्तर

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ साली सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडं गेलं आणि तिथून बाहेर आलं ते कायदा न होताच. २०१७ ला विधी आयोगानं नवा मसुदा दिला, तोही पडून. मधल्या काळात दोन्हीकडची सरकारं येऊन गेली, तेव्हा पक्षविरहित निराश व्हायला हरकत नाही.

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. आमच्या भागाला पत्री सरकारचा, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, अभिमान आहे आणि असायलाच हवा. १९४३ ते ४६ इंग्रजाच्या कचेरीची पायरी न चढता गावोगाव न्याय झाला, दरोडेखोरांना जरब बसली. शिक्षा म्हणून तळपायावर काठ्या बसायच्या, ते म्हातारी माणसं डोळे चमकवून सांगायची. मी वर्गात तसंच सांगत आलो, पोरं टाळ्या वाजवायची. आज कुणा गुंडाला ठाण्यात झोडल्याची चित्रफीत फिरते तेव्हाही टाळ्याच पडतात. इंग्रजाचं राज्य असताना गावानं स्वतःचा जीव वाचवायला केलेली गोष्ट आणि घटना हातात असताना सरकारी नोकरानं केलेली गोष्ट, यांत फरक आहे हे आम्ही मास्तरांनी कधी नीट शिकवलं नाही.

साखरशाळेची बाई

आप्पा, राग मानू नका. तुम्ही त्या पोराला सोडवून आणलंत ते चांगलंच केलंत. पण आणलंत कुठं? परत फडात. त्याच्या नावावर उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, किती आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी काही हंगाम टोळ्यांच्या मुलांना शिकवलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा, फेडायची दोघांनी. पहाटे गाडी भरायची म्हणून अंधारात उठायचं, डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढायचं, आणि हे पाळीच्या दिवसांत, पोटुशी असतानासुद्धा. दिवस बुडाला तर खाडा, तो उचलीत वाढवून लावतात. २०१९ ला बीड जिल्ह्यात सरकारनं पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण बायका स्वतः सांगतात. उचल फिटली नाही तर पट्टा पडल्यावरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, हिशोब पुढच्या सालावर जातो, म्हणजे पुढच्या साली त्याच मुकादमाकडं. याला तुम्ही काय म्हणाल? इथंही माणूस नुसता बसवूनच ठेवलाय. खाकी कपडे घातलेलं कुणी नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

घटनेतले बहुतेक मूलभूत हक्क सरकारकडून मागायचे असतात. कलम २३ तसं नाही. वेठबिगारीची मनाई सगळ्यांना लागू आहे: कारखान्याला, मुकादमाला, फडाच्या मालकालाही. दिल्लीच्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवतींनी किमान वेतनाच्या खाली राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच ठरवली. देश हक्क पाळतो का म्हणून विचारताना त्या देशात आपला फडही धरा.

ट्रॅक्टरवाला तासगाव

बाई तुमचं बरोबर आसंल. पण आमचं बी ऐका. मुकादमाला उचल दिली ती बँकेचं कर्ज काढून, वर बायकोचं सोनं घातलं. नोटरी केली, चेक घेतले. दिवाळी झाली तरी टोळीचा पत्ता न्हाई, फोन बंद. त्याच्या गावाला हुडकत गेलो तर दारात आदीच दुसऱ्या दोन कारखान्यांची वाहनवाली बसल्याली. त्यो तिघांकडनं उचल खाऊन बसला हुता. आम्ही तिघं एकमेकाकडं बघून च्या पिऊन माघारी आलो. फायनान्सवाल्यानं ट्रॅक्टर वडून न्हेला. आमचा हक्क कुठल्या कलमात बसतो ते बी लिवा.

कंदी पेढा

विनंती टिकली, पेढे लागू. मुकादमाच्या दारात चहा कुणी पाजला तेवढं फक्त कळवा.

ट्रॅक्टरवाला तासगाव

त्याच्या आईनं.

काळा कोट कऱ्हाड

दादा, तुमची वसुली मुकादमाकडून आहे, कोयत्याकडून नाही. फसवणुकीचा गुन्हा होतो, न वटलेल्या चेकचा खटला होतो, दिवाणी दावा होतो. वेळ लागतो, मान्य. पण मुकादम सापडत नाही म्हणून त्याच्या भावाला, नाहीतर टोळीतल्या कुणाला गाडीत घालून आणणं, डांबून ठेवणं, हा सरळ अपहरणाचा गुन्हा आहे. तुम्ही चहा पिऊन परत आलात, सगळे तसं करत नाहीत.

बाईंच्या मुद्द्याला जोडून. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा म्हणतो, वेठबिगारीतलं देणंच रद्द. अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडं, जिल्ह्याला आणि प्रांताच्या, म्हणजे उपविभागाच्या, पातळीवर दक्षता समिती हवी. आपापल्या प्रांताच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते माहितीच्या अधिकारात विचारून बघा. उत्तर आलं तर इथं डकवा, मला खरंच बघायचंय.

गंमत म्हणजे हा कायदा आणीबाणीतला. ऑक्टोबर १९७५ ला वटहुकूम निघाला. एकीकडं वेठबिगाराला मोकळं करणारे कागद निघत होते, दुसरीकडं बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जायची वाटच बंद होती, आणि एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी त्याला मान डोलावली. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. पुढं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २० आणि २१ आणीबाणीतही गोठवता येणार नाहीत असं केलं. तो चार विरुद्ध एकचा निकाल मात्र न्यायालयानं स्वतः पुसायला २०१७ उजाडलं.

राष्ट्र प्रथम ७७

मग मानवी हक्क आयोग कशासाठी आहे? तिकडं तक्रार करा की. एवढे निकाल पाठ असलेले वकील इथं टंकत बसलेत.

काळा कोट कऱ्हाड

टोला मान्य. राज्य आयोग मुंबईत आहे. साधा कागद चालतो, मराठी चालते, फी नाही, वकील लागत नाही. पीडितानं स्वतः किंवा त्याच्या वतीनं कुणीही अर्ज करावा, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की चौकशीचा अधिकारच राहत नाही. आणि शेवटी आयोग शिफारस करतो, हुकूम नाही. राष्ट्रीय आयोगाबद्दल सांगायचं तर अशा आयोगांची प्रतवारी ठरवणाऱ्या जागतिक संघटनेनं आपल्या आयोगाच्या मानांकनाचं नूतनीकरण २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ पुढं ढकललं. आक्षेपांतला एक असा की आयोगाच्या तपासाला पोलीस अधिकारीच नेमलेले असतात. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसानं तपासायची. हे समजायला परदेशी संघटना कशाला लागते, ते सोडा.

वाळव्याचा आप्पा

बाई, राग नाही. उचलीचं मुकादमाला विचारलं. नुसता हसला आणि म्हणाला, "मालक, तुमचा ऊस वेळंत गेला का न्हाई?" गेला होता. मला पुढं बोलता आलं नाही.

काल पोराच्या बापाला फोन केला. टोळी गावाकडं पोचलीय. आयोगाचा अर्ज, सही, सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या साली त्याच भागात कोयता धरायचाय. कागूद नको." त्याच्या पोराचं नाव न घालता अर्ज होतो का?

आणि एक निघालं. ज्याचं डिझेल गेलं त्याला भेटलो. गुन्हा दाखलच नाही. हा ठाण्यात गेला होता, "आधी बघतो, मग नोंदवू" म्हणून त्याला परत पाठवला.

काळा कोट कऱ्हाड

थांबा. गुन्हाच नोंदलेला नाही? मग दोन दिवस चौकशी कशाची चालली होती?

दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर सक्तीची, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालानं ठरलंय. नव्या कायद्यात काही गुन्ह्यांना आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तीही वरिष्ठांच्या परवानगीनं आणि १४ दिवसांत. चोरी दखलपात्र आहे, फक्त माल पाच हजारांच्या आतला असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र धरलीय, तेव्हा गेलेल्या डिझेलची किंमत तक्रारीत लिहा. सुरुवात डिझेलवाल्यापासून करा. तो गावातला आहे, त्याला पुढच्या साली कुणाच्या दारात कोयता मागायला जायचं नाही. ठाणं घेत नसेल तर तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना, पोचपावतीसह. दुसरा अर्ज तुमच्या स्वतःच्या नावानं: अमुक दिवशी अमुक वेळी मी ठाण्यात आलो, आत एक मुलगा बसवलेला पाहिला, त्या दोन दिवसांचं फुटेज जपून ठेवा. मुलाचं नाव लिहायची गरज नाही, तुम्ही स्वतः आत होतात एवढं पुरे. मात्र उशीर नको. १८ महिने आदेशात आहेत, हार्ड डिस्कला ते माहीत नसतं.

फौजदाराचा पोरगा

कॅमेरा बंद होता असं उत्तर येईल. तेही लेखीच मागा, आणि कधीपासून बंद आहे ते विचारा.

ट्रॅक्टरवाला तासगाव

आमचं बी डिझेल गेल्या साली दोनदा गेलं. दोन्ही टायमाला नुसता अर्ज घिऊन ठेवला, एफआयआर न्हाई. वकीलसाहेब, नमुना हितंच टाका, उद्या पोस्टात घालतो.